न थांबणाऱ्या गाडीची आखणी

बेळगावला उतरले तेव्हा अंगभर कोळशाची पूड होती आणि डोक्यात एकच खूळ: खासगी कंपनीची वेगवान गाडी! कुणी धनिकांनी म्हणे बेळगाव ते पुणे, निपाणीवरून, फक्त प्रवाशांसाठी सुसाट गाडी काढायची ठरवली होती. सरकारची परवानगी यायची होती, पण आखणी सुरू झालेली. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, आणि आमच्या मीटरगेजचा वेग पाहून बैलही हसले असते. असली गाडी हवीच, म्हटलं.

शहापुरात मैत्रिणीकडे उतरले. विणकरांच्या मागांच्या खडखडाटात झोप कसली लागतेय! सकाळी कुंदा (आटवलेल्या दुधाची तपकिरी मिठाई) खाल्ला आणि निपाणीची बस धरली.

निपाणीच्या अलीकडच्या एका खेड्यात आखणी चालली होती, म्हणून तिथंच उतरले. रस्त्याकडेच्या रानात बायाच बाया, कापलेली तंबाखू उन्हात पसरत होत्या. जवळ जाताच मला शिंकांवर शिंका.

"बाई, पदर लावा नाकाला," एक म्हातारी हसत म्हणाली. ही गंगूआक्का. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबून घेतलेला हा तिचा एकुलता एक तुकडा. कंपनीच्या खुंट्या बरोबर त्याच्या मधोमध ठोकलेल्या.

भाकरी-खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची) पुढ्यात ठेवत ती म्हणाली, "पयल्यांदा मीच च्या दिलता त्यास्नी. लेक बेळगावात मास्तरीण हाय. म्हटलं, रोज सांजच्याला घरी ईल. मग सायब म्हणला, गाडी हितं थांबणार न्हाय. निपाणीतबी न्हाय. मग माझं रान कशापायी, बाई?"

खर्ड्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि संतापही आला.

त्या दिवशी आक्काचा पैरा होता (आज सगळ्यांनी हिच्या रानात राबायचं, उद्या हिनं त्यांच्या, मजुरी नाही). पण बायांनी आपापल्या रानातली तंबाखूही डोक्यावरून इथंच आणून पसरली होती. खुंट्या पार झाकून गेलेल्या. वाळत्या तंबाखूवर इथं मालकसुद्धा पाय देत नाही. पान चुरलं की पीक गेलं.

दुपारी जीप आली. बूट घातलेला इंजिनिअर उतरला आणि ओरडलाच, "अहो, उचला हे सगळं!"

"उचलू की. वाळल्यावर," आक्का म्हणाली.

"कधी वाळणार?"

"उन्हाला इचारा."

त्यानं बूट उचलला. सगळ्या बाया एकदम उठून उभ्या राहिल्या. बूट होता तिथंच परत टेकला.

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकलेल्या दिसता. समजवा यांना."

"गाडी इथं थांबवा, आत्ता समजावते."

"वेगवान गाडी खेड्यात थांबत नसते, बाई."

"मग ती खेड्यातून जातही नसते!" माझा आवाज केवढा चढला होता!

"उद्या पोलीस घेऊन येतो," असा दम देऊन तो जीपमध्ये बसला.

"आणा की," आक्का म्हणाली, "रुमाल घिऊन या म्हणावं."

बाया खो खो हसल्या. मीही चपला बांधावर काढल्या आणि पानं पसरू लागले. कमरेचा काटा ढिला झाला, पण उठले नाही.

संध्याकाळी आक्का मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. खचाखच भरलेली बस येत होती. तिनं नुसता हात केला, बस थांबली. "माझी पावणी हाय, सरका रं जरा," तिनं आतल्यांना दटावलं. मग मला म्हणाली, "जय भीम, बाई."

"जय भीम, आक्का."

घरी पोचले तर शेजारी दारातच. "काय मग, कधी सुरू होतेय ती गाडी?"

म्हटलं, "गंगूआक्कानं हात केल्यावर थांबेल त्या दिवशी. तोवर रूळ टाकूनच दाखवा म्हणावं."