कोरडी ताटी

उन्हाळा कसा काढायचा हे आम्हा नागपूरकरांना कुणी शिकवू नये. खिडकीला वाळ्याची ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारायचं, खिडकी सताड उघडी आणि दार किलकिलं ठेवायचं. वारा आरपार गेला की माणूस गार. पुढे कूलर आले, तरी रीत हीच. हीच रीत घेऊन आम्ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याला आलो. यांची नोकरी बंदरात, म्हणून घर खिदिरपूरला, एका जुन्या इमारतीत. छत इतकं उंच, की वरचा पंखा आमच्यासाठी नाही, पालींसाठी फिरतोय असं वाटायचं.

सासूबाई गेल्या आणि मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही आमच्याकडे आणलं. खरं सांगायचं तर ही यांच्यापेक्षा माझीच हौस. माझे वडील मी लहान असतानाच गेले. सासरी आल्यावर 'बेटा, जेवलीस का?' असं ज्यांनी रोज विचारलं ते मामंजीच. ते नागपूरच्या रिकाम्या घरात एकटे राहणार ही कल्पनाच मला सोसेना.

पण इथला उन्हाळा! नागपूरचा भाजतो, कलकत्त्याचा उकडतो. मामंजींच्या पाठीवर घामोळं उठलं, झोप उडाली. दुपारची वामकुक्षी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तीच गेली, तेव्हा माणूस चिडचिडा झाला. मग त्यांनीच तोडगा काढला. नागपूरहून रेल्वेने कूलर मागवला, सोबत वाळ्याच्या ताट्या. आम्ही तिघांनी मोठ्या थाटात तो बसवला आणि पाणी सोडलं.

काय सांगू बाप्पा! दोनेक दिवसांत मिठाचं पाणी झालं, पापड लोळागोळा झाले, मामंजींच्या पोथीला बुरशी आली. उशीला हात लावला तर ओली. वरच्या मजल्यावरच्या माशीमा, म्हणजे बंगाली मावशी, खाली आल्या, कूलर पाहिला आणि पदर तोंडाला लावून खो-खो हसत सुटल्या. "बहू, हम लोग तो पानी में ही रहते हैं, तुम और पानी डालती हो?"

मला हसू आलं. मामंजींना नाही आलं. त्यांनी यांना सांगितलं, "रविवारच्या गाडीचं तिकीट काढ. मला माझ्या घरी मरू दे." मग वळकटी घातली, सासूबाईंच्या हातची दुलई आत सारली, पट्टे करकचून आवळले आणि वळकटी खोलीत दाराशी उभी केली. येता-जाता माझ्या पायाला ती लागायची आणि माझा जीव तुटायचा.

"तिथं कोण आहे तुमचं?" मी म्हटलं. "चहा कोण देणार, भिंती?"

"भिंतींना निदान घाम तरी फुटत नाही."

त्याच आठवड्यात यांच्या एका साहेबांची बदली झाली आणि ते आपला एअरकंडिशनर काढणार असं कळलं. मी हट्टच धरला. ठेल्यावरून ते धूड आलं, वेगळी लाइन ओढून मामंजींच्या खोलीच्या खिडकीत बसलं आणि इंजिनासारखं घरघरू लागलं. दुपार झाली, पण खोली होती तशीच. मशीन धापा टाकतंय, आम्ही घाम पुसतोय. हे म्हणाले, "अगं, म्हातारं झालंय ते. भंगारात जाऊ दे."

मला असा राग आला! तरातरा खोलीत गेले. आत पाऊल टाकलं तर अंगावर गरम झळ. बघते तर शेजारची खिडकी सताड उघडी, दार किलकिलं, वरचे झरोके मोकळे, आणि खिडकीशी मामंजी छाती काढून बसलेले, अगदी नागपुरात बसावं तसे.

"खिडकी कुणी उघडली?"

"मी. कोंडून मारतेस का मला?"

"अहो मामंजी, कूलरला उघडी खिडकी लागते, याला बंद! तुम्ही अख्खं खिदिरपूर गार करायला बसलात का?"

सासऱ्यांशी असं बोलायची रीत नव्हती. मी जरा वरमले, पण माघार नाही घेतली. "शनिवारची एक दुपार मला द्या. नाही जमलं तर रविवारी मी स्वतः हावड्याला येऊन तुम्हाला गाडीत बसवून देईन."

मग मी पदर खोचला. टेबलावर स्टूल चढवून झरोक्यांना पुठ्ठे लावले, खळ करून फटींवर रद्दी चिकटवली. मशीनला एवढ्या उंचीची हवा गार करायला लावणं म्हणजे छळच, म्हणून जुन्या चादरी जोडून छताखाली चांदवा ताणला. दाराच्या फटीला लुगड्याची गुंडाळी दिली. मामंजी आरामखुर्चीतून सगळं मुकाट्यानं बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"पश्चिमेच्या खिडकीवर ऊन मारतंय ते दिसत नाही का? माझी ताटी बांध बाहेरून. आणि पाणी मारू नकोस. कोरडीच."

शाबास! हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. दोघांनी मिळून ताटी बांधली.

शनिवारी जेवणं झाली, मामंजी खोलीत गेले, मी दार ओढून घेतलं. घटकाभरानं लाइट गेले. नेमके तेव्हाच! मशीन गप्प. इमारतीतली झाडून सगळी माणसं हातपंखे घेऊन गॅलरीत आली. हे म्हणाले, "संपलं. आता येतील बाबा बाहेर." आम्ही दाराकडे बघत उभे. पण दार काही उघडेना. पुष्कळ वेळानं आतून हाक आली.

"सूनबाई!"

मी धावले. दार उघडलं आणि गारवा सरळ तोंडावर आला. लाइट नव्हते, तरी खोली गारच! मामंजी पाय पोटाशी घेऊन पडले होते, डोळे झोपेनं जड.

"पाय गारठले गं."

"चादर आणते."

"चादरीनं काय होतंय!" असं म्हणत ते उठले, दाराशी गेले, वळकटीचे आवळलेले पट्टे स्वतःच्या हातानं सोडले आणि दुलई बाहेर ओढली. ती अंगावर घेऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले. मी आपली दारात उभीच. डोळ्यांना धार लागलेली.

"उभी काय राहिलीस?" दुलईतून आवाज आला. "ते दार लाव आधी. गार हवा सगळी बाहेर चाललीय!"