किनाऱ्यावर सोडलेला कुत्रा

मालवणच्या पुढे लाल मातीचा रस्ता संपला आणि सुरूच्या बनापलीकडे निर्मनुष्य किनारा दिसला. मी गाडी थांबवली, तोच गळ्यात पट्टा असलेला एक कुत्रा धावत आला. नीलिमाने, माझ्या बायकोने, दार उघडलं. त्याने आम्हा दोघांना हुंगलं, मागच्या सीटवर डोकावून पाहिलं आणि तो लांब जाऊन बसला.

खडकावर कालवं फोडणारी बाई म्हणाली, "गाडीवाले सोडून गेले ह्येका. पंधरा दिस झाले. गाडी इली की धावता."

इथवर येताना तो खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खात आला असेल. आपल्यालाही सहलीला नेताहेत, असंच त्याला वाटलं असणार. मालकांनी जागा मात्र नीट शोधली होती, परतीची वाट सापडणार नाही इतकी दूर. निर्दयपणाही माणूस किती विचारपूर्वक करतो!

"घेऊन जाऊ या का त्याला?" नीलिमाने विचारलं.

"सोसायटीत चालणार नाही," मी म्हणालो. खरं तर चालतं. मलाच तो नको होता.

आम्ही निघालो. तो आमच्यामागे धावला नाही, आणि मला बरं वाटलं.