एक जूनची पत्रिका

घाटंजीत मी कम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचं दुकान टाकलं, तेव्हा कापसाची पार वाट लागली होती. अळी फवारणीला दाद देत नव्हती, भाव पडलेले. मग लोक भविष्य विचारायला कम्प्युटरकडे येत. चपला बाहेर काढून आत शिरत, मॉनिटरला अगरबत्ती ओवाळत. दसऱ्याला एकाने कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, तर महिनाभर निम्म्या कळा अडकल्या.

सगळ्यात मोठे भक्त आमचे बाबा. निवृत्त हेडमास्तर. गावच्या जोशीबुवावर काडीचा भरवसा नाही, पण प्रिंटरमधून कागद सरकला की हात जोडायचे.

त्या साली माझ्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा शाळेत तिच्याच वर्गातला. दोघांचं कधीचंच जुळलेलं, बाबांचीही ना नव्हती. फक्त म्हणाले, एकदा कम्प्युटरला विचारू. दोघांचे शाळेचे दाखले त्यांनीच आणून दिले. दोन्हींवर एक जून, साल एकच. मी मुकाट्याने टाकलं. निघालं काय, तर एकनाड, म्हणजे लग्नच वर्ज्य! बाबांनी कागद कपाळाला लावला आणि नकार कळवायचं ठरवलं. बहीण दोन दिवस जेवली नाही. मला त्या डबड्याचा असा संताप आला, वाटलं वायरच उपटून फेकावी.

तिसऱ्या दिवशी आईने भाकरी टाकता टाकता तो कागद मागितला.

"एक जून कशी? हे तर सीतादहीच्या दिवशी झाली. बाया वावरात पूजा करून पहिला कापूस वेचाले लागल्या, अन् मी दवाखान्यात." मग बाबांकडे वळली. "दाखल्यावर एक जून तुम्हीच लिहिली न? साऱ्या वर्गाले?"

नाव घालायला येणाऱ्यांना पोरांच्या तारखा ठाऊक नसत, तेव्हा बाबा एक जून लिहून मोकळे होत. लवकर शाळेत बसावी म्हणून स्वतःच्या पोरीलाही तीच लावली. त्यामुळे अर्ध्या गावाचं भविष्य माझ्याकडे सारखंच निघत होतं आणि कोणाची तक्रार नव्हती.

"मंग कम्प्युटरले काहून नाही समजलं?" बाबांनी विचारलं. मला हसू आलं आणि त्यांची कीवही आली.

संध्याकाळी ते दुकानात आले. चपला बाहेर काढल्या. बहिणीची दवाखान्याच्या कागदावरची खरी तारीख मी टाकली. मुलाच्या आईला मात्र एवढंच आठवत होतं, की तो थंडीत झाला.

बाबांनी क्षणभर विचार केला. "टाक, बारा डिसेंबर."

छत्तीसपैकी अकरा गुण.

"मंग चौदा टाक."

चौथी तारीख टाकली, तेव्हा अठ्ठावीस गुण आले. बाबांनी डोळे पुसले आणि मॉनिटरला मनोभावे हात जोडले.

"पाह्य," मला म्हणाले, "नीट विचारलं की खरं सांगते."