झाडपाल्याला घाई नसते

पडद्यावर माझ्याच जठराची आतली भिंत दिसत होती. ओली, लालसर, पिकलेल्या अंजिराच्या गरासारखी. तिच्यात एक पांढुरका खड्डा, तळाशी काळा ठिपका.

"हा अल्सर," डॉक्टर म्हणाले. "जठराच्या अस्तराला पडलेली जखम. इथून रक्त गेलंय. पुन्हा गेलं, तर ऑपरेशन करावं लागेल."

त्याआधी तीन आठवडे बरगड्यांखाली निखारा ठेवल्यागत जळत होते. शौचाला डांबरासारखे काळे होई. मी ते दुष्काळातल्या उन्हावर ढकलले.

गावच्या सहकारी संस्थेत मी दूध तपासते. काचेचा लॅक्टोमीटर दुधात सोडायचा. पाणी घातलेले असेल तर तो खोल बुडतो. त्या वर्षी अर्धी जनावरे चारा छावणीत होती. कुणाच्या चरवीपुढे जरा रेंगाळले, की टोला यायचा, "ताई, प्यायला पानी न्हाई, दुधात कुठून घालू?"

बीडच्या दवाखान्यात मी सहा दिवस होते. बायोप्सी, म्हणजे अस्तराचा कणभर तुकडा काढून केलेली तपासणी, चौथ्या दिवशी आली. अल्सरला बहुधा कारण ठरणारा जंतू तिच्यात सापडला नाही.

"मग दुखण्यावरच्या गोळ्या घेत असाल?"

"एकही नाही," मी म्हणाले. ते खरेच होते.

पाचव्या दिवशी सासूबाई, माझ्या आत्या, ज्येष्ठमधाचे पाणी घेऊन आल्या. त्याला ओल्या लाकडाचा वास होता आणि जिभेवर उशिरा उमलणारी गोडी. तेवढ्यात डॉक्टर आले.

"मुळी हाय, डॉक्टरसाहेब. पोटाला लई थंड."

"खरंच उपयोग होतो का?" मी विचारले. आत्या पहिल्या दिवसापासून त्याचे नाव काढत होत्या, तेव्हापासून हेच कुतूहल मला पोखरत होते.

ते स्टूल ओढून बसले. "जठरातलं आम्ल मांस विरघळवतं. मग जठर स्वतःला का पचवत नाही? कारण आतून म्यूकस असतो, बुळबुळीत स्रावाचा थर. ज्येष्ठमधाच्या अर्कानं तो थर सुधारतो, असं काही प्रयोगांत दिसलंय. पण फार घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. सध्या नको. गोळ्या चुकवू नका."

आत्यांना ते लागले. "मंग गुडघ्याची पावडर बी बंद करायची का काय?"

"कुठली पावडर?"

जत्रेत घेतलेली, झाडपाल्याची. संस्थेत तासन्‌तास उभे राहून माझे गुडघे धरत. म्हणून सहा महिने, रोज सकाळी अनशापोटी मी ती घेत होते. आमच्याकडे झाडपाला औषधात धरतच नाहीत.

"दुखणं किती वेळात थांबायचं?"

"अर्ध्या तासात."

"झाडपाल्याला एवढी घाई नसते, ताई. त्यात वेदनाशामक गोळी कुटून घातली असावी. तीच हा थर झिजवते."

गावाच्या प्रत्येक चरवीवर संशय घेणारी मी, ती पुडी मात्र डोळे मिटून पाण्यात कालवत आले होते.

पावडर थांबली आणि गुडघे बोलू लागले. पायऱ्या मोजून चढावे लागे. दोन महिन्यांनी पुन्हा एण्डोस्कोपी झाली. नळी घशातून उतरताना मी श्वास धरला होता. पडद्यावर खड्डा नव्हता. फिकट चांदणीसारखा एक व्रण होता. ऑपरेशन टळले.

"गोळ्यांनी, की पावडर थांबवल्यानं?"

"दोन्हींनी," डॉक्टर हसले. "ज्येष्ठमधाचं मात्र मला अजून सांगता येणार नाही."

त्या प्रामाणिक 'नाही'बद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुम्हांलाही कुणी विचारले, औषधे कोणती घेता, तर पुड्या, काढे, मुळ्या सगळे सांगा.

मी उठले, तरी सोबत आलेल्या आत्या जागच्या हलेनात. त्यांनी पदराची गाठ सोडून एक चुरगळलेली पुडी टेबलावर ठेवली. तीच, जत्रेतली.

"हिच्याआधी वरीसभर मीच खाल्ली. गुण आला म्हनून हिला दिली." त्यांचा आवाज बारीक झाला. "आता माझं बी आतून बघा."