आखूड दस्त्याची बंदूक

ओलेटा साइझमोर दुकानात आली तेव्हा डेन्व्हर शेगडीजवळच्या बाकावर बसून मला त्याच्या कोंबड्यांची दुखणी सांगत होता. तिला बघून तो मध्येच थांबला. डेन्व्हर बोलता बोलता थांबतो ही आमच्या हेझेल फोर्क गावात सांगण्यासारखी गोष्ट आहे. पण ओलेटा आमच्याकडे यायची ती खिळे, रंग, फार तर उंदराचा सापळा घ्यायला, आणि दारातून आत आली की डावीकडे वळायची. त्या दिवशी ती उजवीकडे वळली. उजवीकडे बंदुकांचं काउंटर आहे, आणि तिथं गेली तीस वर्षं मी उभा असतो.

"एस्टिल, मला एक बंदूक हवीय," ती म्हणाली. "घरात ठेवायला. लांब नळीची. आणि मला जमेल अशी. मी जन्मात कधी चालवलेली नाही."

खाणकामगाराची बायको, आणि बंदूक चालवलेली नाही. पण ते खरंच होतं. तिच्या हाताला कायम दुसरी कामं असायची. एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकानं तिच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव खाल्लेला आहे. ज्या पोराच्या घरी संध्याकाळी चूल पेटणार नाही हे तिला कळायचं, त्याच्या ताटात ती गुपचूप दुसरा पाव टाकायची आणि वर खेकसायची, "चल पुढं, रांग अडवू नकोस!" पोरं तिला टरकून असायची आणि तिच्याच रांगेत उभी राहायची.

तिचा नवरा व्हर्जिल सहा वर्षांपूर्वी गेला. कोळशाच्या धुळीनं त्याची छाती भरली होती. शेवटी शेवटी अंगणातून दारापर्यंत यायला त्याला तीनदा थांबावं लागायचं. त्यांना एकच मुलगा, केंडल. आधीची दोन पोटातच गेली, मग अडतिसाव्या वर्षी हा झाला. केंडल चोवीस वर्षांचा असताना खाणीत त्याच्या पाठीवर छताचा दगड पडला. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. पुढं डॉक्टर द्यायचा थांबला, तेव्हा केंडल दुसरीकडून घ्यायला लागला. आमच्या डोंगरात ही कहाणी इतक्या घरांत आहे की कुणी ती शेवटपर्यंत सांगत नाही.

"चोर येतात की काय?" मी विचारलं.

"येतात."

"पंपाची घे, ओलेटा!" डेन्व्हर बाकावरून ओरडला. "नळीखालची मूठ मागं ओढली की नुसता खटॅक-खटॅक आवाज होतो. तेवढ्यानं चोराची पँट ओली होते. झाडावी लागतच नाही!"

"तू असे किती चोर पळवलेस रे?" मी म्हणालो.

"माझ्याकडं येतच नाहीत. चोरायला आहे काय माझ्याकडं? कोंबड्या? त्याही आजारी."

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. पण त्याचं ऐकून ओलेटाचा चेहरा जरा सैल झाला. "झाडावी लागत नाही?" तिनं मला विचारलं.

मी ते तेव्हाच खोडून काढायला हवं होतं. नुसत्या आवाजावर भरवसा ठेवून कुणी बंदूक घेऊ नये, हे मी शंभर जणांना सांगितलेलं आहे. तिला मात्र म्हणालो, "कधी कधी नाही लागत."

मी तिच्या हातात आधी बारा बोअरची दिली, नुसती उचलून बघायला. वजनानं तिची मनगटं थरथरली. धक्क्यानं तर खांदा निळा झाला असता. रायफल मी दाखवलीच नाही. तिच्या घराच्या भिंती पातळ आहेत, आणि पलीकडे फ्यूगेटांचं स्वयंपाकघर आहे. मग वीस बोअरची, बारापेक्षा हलकी, पंपाची काढली. ती तिनं बरी धरली, पण दस्ता लांब. खांद्याला लावायला गेली की ती कमरेतून मागं झुकायची, आणि अशा माणसाला पहिला बार उडताच बंदूक मागं ढकलून देते. उभं राहून पुढं झुकता आलं पाहिजे, नाहीतर बाकी सगळं फुकट. म्हणून मी खालच्या कप्प्यातून आखूड दस्त्याची काढली.

"ही पोरांची आहे," मी म्हणालो. "नवख्या माणसाला हीच बरी. लाजायचं कारण नाही."

"माहितीय मला. केंडलची अशीच होती."

अशीच होती. आमच्याकडे पोरगा दहा वर्षांचा झाला की बाप त्याला पहिली बंदूक घेऊन देतो. व्हर्जिल केंडलला याच काउंटरशी घेऊन आला होता. मीच त्याच्या हाताचं माप घेतलं होतं, कोपरापासून बोटापर्यंत. फार सांभाळून वागणारा पोरगा. नळी कधी माणसाकडं वळवायचा नाही, आत काडतूस नाही ना हे दोन-दोनदा बघायचा. मी व्हर्जिलला म्हणालो होतो, तुझ्यापेक्षा तुझा पोरगा शहाणा आहे.

"मग तीच का नाही वापरत?" मी बोलून गेलो, आणि जीभ चावली.

"गेली ती," ओलेटा म्हणाली. "व्हर्जिलच्याही गेल्या. नाताळात. मी चर्चमध्ये होते."

डेन्व्हर शेगडीकडं बघायला लागला.

तिनं बंदूक खांद्याला लावली. चपखल बसली. नळी भिंतीकडे धरून, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "एस्टिल, नुसतं लागेल पण मरणार नाही, असं काडतूस असतं का?"

"नसतं."

"बारीक छर्ऱ्याचं?"

"खोलीतल्या खोलीत बारीक काय आणि जाड काय. ज्याला मारायचं नाही त्याच्यावर रोखायची नाही, ओलेटा. दुसरा नियम नाही."

"तो दारात थांबला तरी पुरे मला," ती म्हणाली.

तो. चोरांसाठी बंदूक घ्यायला येणारी माणसं 'ते' म्हणतात, 'कुणी आलंच तर' म्हणतात, शिव्या देतात. 'तो' कुणी म्हणत नाही. मला तिथंच कळलं. शाळेत फळ्यावर जेवणाची यादी लिहायची त्याच गोल अक्षरात तिनं बंदूक विकत घेण्याचा सरकारी कागद भरला. ती भरत असताना मी तिच्या डोक्याकडं बघत राहिलो.

कोर्टाच्या कचेरीत एक खिडकी आहे. तिथल्या बाईकडं, घरच्याच माणसाला घरापासून लांब ठेवायचा कागद अर्ध्या तासात मिळतो. जज सही करतो, आणि मग तो माणूस तुमच्या घराकडं फिरकला तर शेरीफ त्याला उचलून नेतो. तुरुंगात टाकतात, तिथून कधी कधी नशा सोडवायच्या केंद्रात पाठवतात. केंडलसारखी काही पोरं तशी वाचली आहेत. पण त्या कागदावर आईला मुलाचं नाव लिहावं लागतं, आणि गुरुवारी ते भर कचेरीत पुकारतात. आम्ही रक्ताच्या माणसावर शेरीफ घालत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. बंदूक घेतली तर मात्र झाकली मूठ राहते. उलट लोक कौतुक करतात. डेन्व्हरनं केलंच. ती बाहेर पडल्यावर म्हणाला, "शहाणी बाई!"

पुढचे तीन शनिवार दुपारी ती माझ्या कोठारामागं शिकायला आली. मी कागदी थाळ्या खिळ्यानं ठोकल्या. तिचे सांधे दुखायचे, पंप पुरता मागं यायचा नाही, मग काडतूस अडकायचं. "अर्धवट नको, जोरात ओढ, त्याला काही होत नाही," मी सांगायचो. तिसऱ्या शनिवारी तिनं थाळीच्या मधोमध भोक पाडलं. दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. तिनं बंदूक खाली केली, मला सुक्या सफरचंदांचा थराचा केक दिला, आणि गाडीत जाऊन बसली.

मी खिडकीशी गेलो. "केंडल कसा आहे?"

"बरा आहे. लेक्सिंग्टनला कामाला लागलाय."

आदल्याच दिवशी मी केंडलला पेट्रोलपंपावर बघितला होता. बर्फ पडत होता आणि पोराच्या अंगात जाकीट नव्हतं.

"बरं झालं," मी म्हणालो.

मला त्या दोन शब्दांची आजही शिसारी येते.

एप्रिलमध्ये एका भर दुपारी केंडल मागच्या दारानं आला. चुलीवर घेवडा शिजत होता. हे सगळं ओलेटानं नंतर शेरीफच्या माणसाला सांगितलं, आणि आमच्या गावात त्याला सांगितलेलं सगळ्यांना सांगितल्यासारखंच. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पंप जोरात ओढला, अडकला नाही. पाय जरा फाकवून, पुढं झुकून, मी शिकवलं होतं तसंच. आवाजही झाला, डेन्व्हर म्हणाला होता तसा. केंडल उभा राहिला. पण त्या आवाजाला घाबरायला तो काय परका होता? त्या आवाजात तर तो लहानाचा मोठा झाला.

"मम्मी," तो म्हणाला, "दस्ता खांद्याला नीट टेकव. लागेल तुला."

तिनं टेकवला. मुलानं सांगितलं म्हणून टेकवला. मग तो सावकाश पुढं आला आणि त्यानं बंदूक तिच्या हातातून काढून घेतली. ओढाताण नाही, काही नाही. नळी जमिनीकडं केली, एकेक काडतूस काढून टेबलावर उभं केलं, आत बोट घालून बघितलं. वाडगाभर घेवडा उभ्या उभ्या खाल्ला. "आणून देतो परत," म्हणाला, आणि बंदूक घेऊन गेला.

ती बसून राहिली. तिनं शेरीफला फोन केला नाही. मलाही केला नाही. चोरीला गेली म्हणून कळवलं असतं तर चोराचं नाव सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी गाड्या धुवायच्या बंद पडलेल्या दुकानामागं केंडल त्याच्या गाडीत सापडला. बंदूक नव्हती. ती कुणाला तरी देऊन त्यानं पुडी घेतली होती, आणि त्या पुडीत काय मिसळलं होतं ते देवाला ठाऊक. तेहतीस वर्षांचा होता. तिला त्याला मारायचं नव्हतं म्हणून तिनं बार काढला नाही, आणि तरी त्याच बंदुकीनं तो मेला. हे मी कुणाला मोठ्यानं सांगत नाही, पण मनात रोज म्हणतो.

दफनाच्या वेळी डेन्व्हर माझ्या कानाशी लागला. "बाईनं निदान छतात एक झाडायला हवी होती."

"घरी जा, डेन्व्हर," मी म्हणालो. "आणि महिनाभर दुकानात तोंड दाखवू नकोस." त्याचा काय दोष? पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि आरशात बघवत नव्हतं.

मे महिन्यात ओलेटा आली. दारातून आत येऊन थेट माझ्याकडं. वाळली होती. रविवारी घालायचा कोट आता तिच्या अंगावर लोंबत होता.

"बस," मी म्हणालो. "कॉफी देऊ?"

"नको." ती काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभी राहिली. "एस्टिल, तुला कळलं होतं."

"काय?"

"असं करू नकोस. एकतीस वर्षं मी तोंडं बघूनच वाढलं सगळ्यांना. मी कागद भरत होते तेव्हा तुझंही बघितलं. बंदूक कुणासाठी घेतेय ते तुला कळलं होतं."

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "हो," मी म्हणालो.

"त्यानंतर तीन शनिवार मी तुझ्याकडं आले. मला काय थाळ्या फोडायची हौस होती? दर वेळी वाटायचं, आज हा बोलेल. आज म्हणेल, ओलेटा, तू घरी जा, मी बघतो, मी सांगतो शेरीफला. मी गाडीत बसून वाट बघायचे. आणि तू विचारलंस काय, तर केंडल कसा आहे."

"तुझ्या घरातली गोष्ट होती, ओलेटा. मी कसा पडणार मध्ये?"

"मी त्याची आई होते," ती म्हणाली. आवाज चढला नाही, रडलीही नाही. "माझ्यानं होणारच नव्हतं ते. तू त्याचा कोण होतास? कुणीच नव्हतास. तू केला असतास फोन तर चाललं असतं. म्हणून तर तुझ्याकडं आले होते."

तिनं कोटाची बटणं लावली. एक बटण लागेना, बोटं सुजलेली. तिनं ते तसंच सोडलं आणि ती वळली. काउंटरपासून दारापर्यंत चौदा-पंधरा पावलं आहेत आणि ती हळू चालते. तेवढ्या वेळात मला तिला हाक मारता आली असती. मी मारली नाही.