मागचं डावं चाक

मी भाव पाडून घेणारा माणूस. कोणी काहीही सांगितलं की आधी निम्म्यावर आणतो, मग ऐकतो. भुताखेतांचे किस्से तर मी निम्म्यानेही घेतले नाहीत कधी... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

नवी मुंबईत महाप्याला माझं गॅरेज आहे. माझं म्हणजे — माझं आणि दादाचं. साताऱ्याहून आलो तेव्हा दोघांत मिळून एक पाना-सेट होता. पंधरा वर्षांत शटर, जॅक, बोर्ड, सगळं उभं केलं.

ब्रेकचं काम दोघांचं असतं. लायनीत हवा शिरली की पेडल मऊ पडतं, गाडी उशिरा थांबते. ती हवा काढायला एक जण सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, सैल करतो. मी चाकापाशी, दादा सीटवर. मी ओरडायचो, "मार... मार... धर!" दादा तोंडाने उत्तर द्यायचा नाही. पेडल पक्कं धरलं की हातातली अंगठी स्टिअरिंगवर वाजवायचा — टक. मग मी निपल उघडायचो, हवा बाहेर, निपल बंद, "सोड."

तीन वर्षांपूर्वी एकदा निपल उघडं असतानाच त्याचा पाय सुटला. हवा परत आत, काम पहिल्यापासून. माझं डोकं फिरलं. कस्टमरसमोर म्हणालो, "पाय आहे का ओंडका?" दादाने साबणाने हात धुतले, पुसले, आणि संध्याकाळच्या एसटीने गावाला गेला तो गेलाच. चूक माझी, मान्य. पण पंधरा वर्षं एका वाक्यावर सोडतात? एक फोन नाही. मीही केला नाही. का करू? मोठा तो आहे.

एकट्याने हवा काढायचं मशीन मिळतं. दुकानदाराला रडकुंडीला आणून स्वस्तात घेतलंय मी. खोकं अजून फोडलेलं नाही. का, ते विचारू नका. पेडलवर कस्टमरलाच बसवतो.

मागच्या महिन्यातला शुक्रवार. आसपासच्या कंपन्यांना शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी, गल्लीत शुकशुकाट, दुपारचा दीड. बेलापूरच्या एका ऑफिसातले देशमुख साहेब गाडी घेऊन आले.

"ब्रेक लागतो हो, पण दोनदा मारावा लागतो."

"दुसऱ्यांदा घट्ट लागतो?"

"हो. एकाने सांगितलं, चारी चाकांचं सगळं सामान बदला."

"बदला की. त्याच्या पोरीच्या लग्नाला तेवढाच हातभार."

चाकं काढून बघितली. पुढचे पॅड चांगले. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम उघडला तर आत ओल — सिलिंडर गळत होता. नवा बसवला. "साहेब, आता सीटवर बसा. सांगेन तसं पेडल दाबा."

"बसतो," ते म्हणाले.

मी निपलला नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं आणि चाकापाशी उकिडवा बसलो. तिथून ड्रायव्हरची सीट दिसत नाही.

"मार... मार... धर!"

टक.

निपल उघडलं. नळीतून बुडबुडे आले. बंद केलं. "सोड." पेडल वर आल्याचा आवाज आला. पुन्हा. हात आपोआप चालत होते. साहेबांच्या घड्याळाचा आवाज असेल, असं वाटलं — खरं तर तेवढंही वाटलं नाही, इतकं ते सवयीचं होतं. पाचव्यांदा की सहाव्यांदा तोंडातून निघून गेलं, "धर, दादा."

टक.

मी जीभ चावली. बुडबुडे संपले, नळीत स्वच्छ ऑइल दिसायला लागलं. एकदाही पाय आधी सुटला नाही.

"साहेब, तुम्ही तर मेकॅनिकसारखं पेडल धरता!" मी उठत म्हणालो.

"कोण, मी?" आवाज मागून आला. देशमुख साहेब शटरमधून दोन कटिंग चहा घेऊन आत येत होते. "फोन आला म्हणून कोपऱ्यावर गेलो होतो. बसू का आता?"

मी दार उघडलं. सीटवर त्यांची फायलींची पिशवी, वर डबा, उतरल्यावर त्यांनी ठेवलं होतं तसंच. पेडल हाताने दाबून बघितलं. दगडासारखं घट्ट.

रस्त्यावर चालवून पाहिली. एका दाबात गाडी जागेवर.

संध्याकाळी मी गावाला फोन लावला. वहिनींनी उचलला. "भावजी? का कुणी तुमचा फोन चोरलाय?"

"दादा बरा आहे ना?"

"बरं हायेत की. दुपारी ओसरीवर झोपले हुते, अन् झोपेत उजवा पाय नुसता दाबत हुते. दाबायचं, धरायचं, सोडायचं. मी म्हटलं, अवं, गाडी कुठं निघाली? उठल्यापासनं पोटरी चोळत बसल्यात."

"किती वाजता?"

"अडीच-तीन झाले असतील. का वं?"

"दादाला द्या जरा." त्यांनी फोन दादाकडे दिला. तीन वर्षं मनात रचून ठेवलेलं सगळं होतं माझ्याकडे, टोमण्यांसकट. त्यातलं काहीही आठवलं नाही.

"दादा... हवा निघाली सगळी."

तिकडून — टक.

भास म्हणा, योगायोग म्हणा. मीही महिनाभर स्वतःशी तेच म्हणतोय. पण सिलिंडर बदलल्यावर कोणी पेडल धरल्याशिवाय माझ्या त्या नळीतून हवा निघत नाही, एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही.

दादा अजून आलेला नाही. ये म्हटलं, तर "बघू," म्हणालाय. परवा ते खोक्यातलं मशीन मी घेतल्या भावापेक्षा कमीत विकून टाकलं.