भिंत नसलेलं दार
ओल्या निळ्या रंगाचा वास आला की मला असोद्याजवळची ती वस्ती आठवते. ऐंशीनंतरच्या वर्षांत मी तिथं टपाल वाटायचो. शिंदखेड्याकडून केळीच्या कामाला आलेली माणसं झोपड्यांना गोणपाट लावून राहायची, आणि आमचा नियम इंग्रजांच्या काळचा होता: दारावर नंबर नाही, तर पत्र परत. तिथल्या एका अक्काच्या लेकीचं, बाळंतपणाची खबर देणारं पत्र असंच परत गेलं. मग अक्कानं कुठूनसं चौकटीसकट जुनं दार आणलं, वस्तीच्या तोंडाशी नुसतंच उभं केलं आणि त्यावर निळा नंबर रंगवला. “भाऊ, आते बठ्ठासनं हाई दार शे,” ती म्हणाली; म्हणजे आता हे सगळ्यांचं दार. पुढचं पत्र आलं तेव्हा वळसा घालून सहज आत जाता आलं असतं. पण मी कडी वाजवली आणि अक्का दार उघडेपर्यंत बाहेर उभा राहिलो.